घरबसल्या परदेशी पदवी, परंतु परवाना कोणता?

चांदूर बाजारात संत्र्याच्या हंगामात गर्दी कितीही असो, स्वमग्न बालकाला शिकवणारा जाणकार हवा असल्यास पालकांना बहुधा अमरावती अथवा नागपूरच गाठावे लागते. त्यामुळे शिकलेल्या सुनेने वा कन्येने उपयोजित वर्तन-विश्लेषणाची (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस) ऑनलाइन पदव्युत्तर पदवी घेण्याची इच्छा बोलून दाखवली, तर घरच्यांनी ती अवश्य ऐकावी. मात्र शुल्क भरण्यापूर्वी हिशेब पुरता मांडावा.

विषय व्यापारी घराला परका वाटण्याचे कारण नाही. त्याचा पाया रोजच्या नोंदीत आहे. आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले, असे तीन रकाने. मूल किंचाळते, कोणी मोबाइल हाती देतो, किंचाळणे थांबते. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. नोंदवहीत हा व्यवहार उघड होतो आणि मग मोबाइल मागण्याची दुसरी रीत, चित्र दाखवून वा शब्दाने, मुलाला शिकवली जाते. बेअर, वुल्फ आणि रिस्ले यांनी १९६८ साली या शास्त्राची रूपरेषा मांडली. १९८७ मध्ये लोव्हास यांनी १९ बालकांना आठवड्याला सुमारे ४० तास शिकवून त्यांतील ९ जणांची मोठी प्रगती नोंदवली. परंतु त्या प्रयोगात शारीरिक शिक्षाही होती. आपल्या वाचकांना ते खटकेल, आणि खटकावेच. अनेक स्वमग्न प्रौढांनी या पद्धतीवर कठोर टीका केली आहे. विद्यार्थिनीने तीही वाचावी.

खरी गोम परवान्यात आहे. ‘बीसीबीए’ हे प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळाने १ जानेवारी २०२३ पासून मोजक्या देशांतील रहिवाशांखेरीज इतरांचे नवे अर्ज घेणे थांबवले आहे, आणि त्या देशांत भारत नाही. म्हणजे पदवी हाती आली, तरी चांदूर बाजारात राहून ते प्रमाणपत्र मिळणार नाही. माहितीपत्रकात ‘पात्रता’ हा शब्द ठळक असतो, रहिवासाची अट बारीक अक्षरांत! शिवाय पदवीखेरीज देखरेखीखालील २,००० तासांचे काम लागते. आठवड्याला २० तास धरले तरी १०० आठवडे. ‘आयबीएओ’ किंवा ‘क्यूएबीए’ यांसारख्या संस्थांची प्रमाणपत्रे भारतातून घेता येतात, परंतु त्या खासगी संस्था आहेत.

आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद नोंदणी करते. तिच्या यादीत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक आहेत, वर्तन-विश्लेषक हा स्वतंत्र प्रवर्ग नाही. भारतीय विद्यापीठांतून ऑनलाइन मानसशास्त्र शिकण्याची वाटही विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद केली. म्हणून गावातच केंद्र उघडण्याचा विचार असेल, तर परिषदेने मान्य केलेला विशेष शिक्षणाचा प्रत्यक्ष अभ्यासक्रम आधी करावा व वर्तन-विश्लेषण त्यावर जोडावे, हे अधिक शहाणपणाचे. लग्नानंतर अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या मुलीचा हिशेब अर्थात वेगळा.

तरीही परदेशी पदवीच घ्यायची ठरली, तर तीन प्रश्नांची उत्तरे विद्यापीठाकडून लेखी घ्यावीत: भारतात राहणाऱ्याला नेमके कोणते प्रमाणपत्र मिळेल, देखरेख कोण करील, आणि वर्ग किती वाजता भरतील. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सायंकाळी सहाला सुरू होणारा वर्ग आपल्याकडे पहाटे साडेतीनला असतो, आणि दुकानाचे शटर नेहमीच्याच वेळी उघडायचे असते.