धंदेवाईक कोण?

‘धंदेवाईक’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. नटाने नाईट ठरवून घेतली की तो धंदेवाईक, गायकाने बिदागी आधी सांगितली की तोही धंदेवाईक. खेळाडूने पैशाचा विषय काढला, तर त्याच्या देशप्रेमाविषयीच शंका! फास विल्केस या डच फुटबॉलपटूची हकिगत समजल्यापासून मात्र हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळते.

विल्केसचा जन्म १९२३ चा, रॉटरडॅमचा. तिथल्याच झेर्क्सेस क्लबात तो वाढला. उंच, सडपातळ देह, आणि चेंडू पायाला चिकटल्यासारखा. मार्च १९४६ मध्ये लक्झेंबर्गविरुद्ध पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात त्याने चार गोल केले. अशा खेळाडूला कोणत्याही देशाने जपले असते. पण हॉलंडमध्ये तेव्हा फुटबॉल निव्वळ हौशी होता. खेळासाठी मोबदला घेणे हा गुन्हाच. १९४९ मध्ये विल्केस इटलीतील इंटर मिलान क्लबाकडे पगारी खेळाडू म्हणून गेला आणि डच फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय संघाचे दार त्याला बंद केले. वय अवघे पंचवीस!

यात कोणाचे काय साधले? सामन्यांना तिकिटे होतीच, प्रेक्षक पैसे मोजतच होते. ज्याच्यासाठी मोजत होते, त्यानेच तेवढे हात पुढे करायचे नाहीत, असा हा न्याय. इटलीतील आणि पुढे स्पेनमधील प्रेक्षकांनी विल्केसचा ऐन उमेदीतला खेळ पाहिला. त्याच्या मायदेशाने तो गमावला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डच हौशी संघ ब्राझीलकडून ५-१ असा हरला. तत्त्व शाबूत राहिले, सामना गेला.

मग १९५३ साल उजाडले. ३१ जानेवारीच्या रात्री समुद्राने बांध फोडले आणि हॉलंडमध्ये १,८३६ माणसे बुडून मेली. तेव्हा मदतीला कोण धावले? परदेशात पैसे घेऊन खेळणारे हेच ‘धंदेवाईक’. १२ मार्चला पॅरिसमध्ये त्यांनी पूरग्रस्तांसाठी फ्रान्सविरुद्ध सामना खेळला आणि २-१ असा जिंकला. गोल ब्राम अपेल आणि बेर्टुस द हार्डर यांचे. विल्केस त्या संघात नव्हता. पण त्या दिवशी जे सिद्ध झाले, ते त्याच्याही बाजूचे होते. पगार घेणाऱ्याचे काळीज आटत नाही, हे साऱ्या देशाला दिसले. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, हॉलंडमध्ये पगारी फुटबॉलला मान्यता मिळाली.

कोणी म्हणेल, आबे लेन्स्ट्रा नाही का परदेशची बोलावणी नाकारून आपल्या हेरेनवेन गावात, नगरपालिकेची नोकरी सांभाळून खेळत राहिला? खरे आहे, आणि त्याबद्दल त्याला वंदनच केले पाहिजे. परंतु मायदेशी पगार मान्य झाल्यावर लेन्स्ट्रानेही एन्स्खेडेच्या संघाची वाट धरली. त्याचे खेळावरचे प्रेम त्यामुळे कमी झाले काय? त्याग हा माणसाने स्वखुशीने करावा; दुसऱ्याने तो त्याच्यावर लादला की त्याचे नाव बदलते.

विल्केसला पुढे राष्ट्रीय संघात परत घेतले. १९६१ पर्यंत तो देशासाठी खेळला. ३८ सामन्यांत ३५ गोल. हा विक्रम मोडायला १९९८ साल आणि डेनिस बर्गकँप उजाडावा लागला. योहान क्रायफसारखा खेळाडू लहानपणी विल्केसलाच आदर्श मानत होता. २००६ मध्ये विल्केस वारला. पण मधल्या त्या वर्षांतले न झालेले गोल कोणत्या वहीत लिहायचे?

आपल्या स्नेहसंमेलनात मांडववाल्याचे पैसे चुकते होतात, ध्वनिक्षेपकवाल्याचेही होतात. कलेची सेवा म्हणून फुकट काय ते गाणाऱ्याने गावे, अशी आपली अपेक्षा. पुढच्या वेळी कोणाला धंदेवाईक म्हणण्यापूर्वी एवढेच पाहावे, की त्याच्या कष्टावर मोबदला न देता आपली हौस कोण भागवून घेत आहे. कदाचित तो शब्द आपल्यालाच लागू पडेल.