गाव सोडावे की बस धरावी?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

खेड्यात राहावे की शहरात, हा वाद आपल्या देशात जुना आहे आणि दोन्ही बाजूंना थोर माणसे उभी आहेत. महात्मा गांधी लोकांना खेड्याकडे वळण्यास सांगत राहिले आणि १९३६ साली स्वतः वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना खेड्यांच्या कौतुकावर कठोर टीका केली. खेडे म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांचे घर, असा त्यांचा रोख होता. परीक्षेत असा प्रश्न आला की आम्ही विद्यार्थी दोन्ही बाजू लिहितो आणि शेवटी ‘सुवर्णमध्य साधावा’ असे एक वाक्य टाकून उत्तर संपवतो. पण हा सुवर्णमध्य सकाळी किती वाजता निघतो आणि संध्याकाळी किती वाजता परत येतो, हे कोणत्याच पुस्तकात दिलेले नसते. आमच्या भागात त्याला एक साधे नाव आहे. त्याला ‘अपडाऊन’ म्हणतात.

मी राजूरची. भोकरदन तालुक्यातले, राजुरेश्वर गणपतीचे राजूर. जालन्यापासून सुमारे २५ किलोमीटर. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून माणसे रात्रभर पायी चालत आमच्या गावी येतात, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. कित्येकजण स्वतः चाललेही असतील. आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि चतुर्थीला वडील नारळ-हारांचे दुकान मांडतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. म्हणून हा प्रश्न मला पुस्तकातून भेटला नाही, तो घरातच भेटला.

गेली दोन वर्षे आमच्या घरी एकच चर्चा चालू आहे. हाताशी थोडी रक्कम जमली आहे. तिचे काय करावे? जालन्याच्या कडेला एखादा लहानसा प्लॉट घ्यावा, की राजुरातल्या पत्र्याच्या घरावर स्लॅब टाकावा? वडील म्हणतात, “लेकरायला शिकवायचं तर जालन्यात ठिकाणा पाहिजे.” आई म्हणते, “इथं मीठ सरलं तर शेजारून येतंय, तिथं पाणीबी इकत घ्यावं लागंल.” माझा मोठा भाऊ जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. तो मोटारसायकलने जातो-येतो आणि पाळी बदलली की घरी भाकरीची वेळही बदलते. तो म्हणतो, “मला कुठंही चालंल, फक्त झोपायला चार तास मिळू द्या.” तिघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच चर्चा संपत नाही.

हा केवळ आमच्या घरचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाखांच्या वर होती आणि त्यातले शंभरातले सुमारे १९ लोकच शहरांत राहत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात ४५ होते. म्हणजे आमच्या जिल्ह्यात ज्याला शहराचे काम पडते, तो बहुधा शहरात राहणारा नसतो. त्याला जावे लागते आणि परतावे लागते. बियाण्यांचा व्यापार, मोंढा, पोलाद कारखाने, कचेऱ्या, मोठे दवाखाने आणि आपले महाविद्यालय हे सारे जालन्यात. माणसे मात्र चहूकडच्या गावांत.

मग शहराजवळचे गाव म्हणजे नेमके कोणते? लोक नकाशावर बोट ठेवतात आणि किलोमीटर सांगतात. मला ही मोजणीच चुकीची वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा ठाण्याचे मुंबईपासूनचे अंतर काही कमी झाले नव्हते. कमी झाला तो वेळ, आणि वाढली ती खात्री. आज डोंबिवलीचा किंवा बदलापूरचा माणूस मुंबईत नोकरी करतो तो अंतर कमी आहे म्हणून नव्हे. एक गाडी चुकली तर दुसरी आहे, हे त्याला माहीत असते म्हणून. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून राजूर-जालन्याच्या अंतराच्या दुपटीहूनही लांब आहे, तरी ते मुंबईचे उपनगर म्हणवते आणि राजूर खेडेच राहते. निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आला तो जालन्यावरून गेला, राजुरावरून गेला नाही. एवढ्या एका गोष्टीने दोन्ही गावांचे पुढचे शतक ठरून गेले.

जनगणनेत एखाद्या गावाला ‘नगर’ म्हणण्यासाठी तीन कसोट्या लावतात. निदान ५००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसे आणि पुरुष कामगारांपैकी निदान शेकडा ७५ जण शेतीबाहेरच्या कामात. कसोट्या ठीकच आहेत. माझ्या मते तिथे चौथीही एक हवी होती : या गावची मुलगी शहरात शिकून अंधार पडल्यावर सुखरूप घरी पोचू शकते काय?

मी हे उगाच लिहीत नाही. अपडाऊन करणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालय अर्धेच मिळते. तास मिळतात, पण तासांनंतरचे महाविद्यालय मिळत नाही. ग्रंथालयात संदर्भाचे पुस्तक घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायचे असते; आणि बसायची वेळ नेमकी आमची निघायची वेळ असते. वक्तृत्व स्पर्धेची तयारी संध्याकाळी, नाटकाच्या तालमी संध्याकाळी, स्नेहसंमेलन तर रात्रीच. वर्गातल्या जालन्याच्या मैत्रिणी दुसऱ्या दिवशी कालच्या गमती सांगतात आणि आम्ही बाहेरगावच्या मुली नुसत्या ऐकतो. मुले मागे थांबतात. त्यांना कुणाच्या मोटारसायकलवर जागा मिळते, नाहीतर काळीपिवळीच्या मागे लोंबकळून का होईना ती घरी येतात. आम्हाला तसे येता येत नाही. भाविक जे अंतर एका रात्रीत पायी कापतात, तेच अंतर आम्हा मुलींना संध्याकाळच्या शेवटच्या सोयीच्या गाडीनंतर कापता येत नाही. अंतर तेच, रस्ताही तोच!

सवलती नाहीत असे कुणी म्हणू नये. विद्यार्थ्यांना एस. टी.च्या मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस. टी.त अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून माझी आई डोळे तपासायलाही जालन्याला एकटी जाऊन आली. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मुलगी बारावी झाली की मोफत पास संपतो, आणि घरात “आता पुरे” म्हणण्याचा काळही नेमका तोच असतो. माझ्या बरोबरीच्या मुलींपैकी काहींचे शिक्षण याच वळणावर थांबले. कारण विचारले तर कोणी पैशाचे सांगत नाही. “यायला उशीर होतो,” असेच सांगतात.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहा. सकाळी आम्ही राजुराहून जालन्याकडे निघतो, तेव्हा समोरून जालन्याहून राजुराकडे माणसे येत असतात. शाळेत शिकवणारे, बँकेत बसणारे, कार्यालयात सही करणारे. त्यांचा पगार आमच्या गावच्या नावावर, आणि बिऱ्हाड शहरात. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे हा नियम आहे आणि त्यावर दरवर्षी चर्चा होते. मला त्यांच्यावर राग काढायचा नाही. त्यांना विचारले तर ते म्हणतील, “मुलांच्या शाळेसाठी जालन्यात राहतो.” म्हणजे माझे वडील जे बोलतात, तेच! पण त्याचा परिणाम काय होतो? संध्याकाळी सहानंतर गावात असा कुणी राहत नाही, की ज्याच्याकडे एखादा मुलगा गणित किंवा इंग्रजीचे वाक्य विचारायला जाईल. गावची शाळा शिक्षकाच्या स्वतःच्या मुलासाठी पुरेशी चांगली नाही, आणि ती चांगली व्हावी म्हणून धडपडणारा माणूस संध्याकाळी गावात नाही. हे चक्र असेच फिरत राहते. ज्याला परवडते तो जातो, आणि तो गेला म्हणून उरलेल्यालाही जावेसे वाटते.

शहर म्हणजे स्वर्ग असेही नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहरानेही टँकरची वाट पाहिली. शहराच्या कडेला गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटांवर आधी माणसे राहायला जातात आणि रस्ता, नाली, नळ नंतर कधीतरी येतात. आमच्यासारख्यांना परवडतो तो असाच प्लॉट. तिथून महाविद्यालय दोन-तीन किलोमीटर असेल, पण तिथे आमच्या दारात बसून बोलणारे कोणी नसेल. वडिलांचे शेत आणि चतुर्थीचे दुकान राजुरातच राहील, म्हणजे अपडाऊन संपणार नाही. माझ्याऐवजी वडील करतील.

तरीही बाबासाहेबांचे म्हणणे मला टाळता येत नाही. राजूर मला गोड वाटते, कारण तिथे आमचा ओटा आहे आणि त्या ओट्यावर बसताना आम्हाला कोणी आडनाव विचारत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कडेला ठेवले, त्यांना ‘गाव सोडू नका’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्यामुळे मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर झाला. त्या मुलांना शहरात केवळ पुस्तके मिळाली नाहीत. जिथे जात आधी आणि माणूस मागून दिसतो, अशा जागेपासून सुटकाही मिळाली. म्हणून ज्याला जायचे आहे त्याला मान वर करून जाता यावे. माझे म्हणणे इतकेच की, ज्याला राहायचे आहे त्यालाही शिक्षण सोडून राहावे लागू नये. राहणे आणि जाणे या दोन्ही गोष्टी निवडीच्या असाव्यात. आज निवड करते ती गाडीची वेळ.

म्हणून माझे मत मी स्पष्ट लिहिते. आमच्या घरापुरते विचाराल, तर स्लॅब राजुरात टाकावा. परंतु राजुरात राहणे हे शहाणपण ठरायचे असेल, तर तीन गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्यांतली एकही अशक्य नाही. पहिली, ग्रंथालय बंद होण्याच्या वेळेनंतर सुटणारी एक गाडी. तिच्यात चार प्रवासी असोत की चाळीस, ती रोज सुटली पाहिजे. कारण सुटण्याची खात्री नसेल तर प्रवासी वाढणारच नाहीत. दुसरी, गावात एक अभ्यासिका. दोन ट्यूबलाइट, चार बाके आणि संध्याकाळी दोन तास उघडणारे कुलूप. तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. कोणत्या गावाहून किती मुले-मुली येतात, हे पासाच्या अर्जांवर लिहिलेले असते आणि त्या अर्जांवर महाविद्यालयाचा शिक्का असतो. ही यादी गावनिहाय करून, प्राध्यापकांच्या सहीने, एकत्र मागणी का करू नये? एकट्या मुलीचा अर्ज टेबलावर पडून राहतो. तीनशे नावांची यादी सहजी पडून राहणार नाही. आणि तोवर निदान महत्त्वाचे तास आणि स्पर्धा दुपारच्या आत घेता येतील की नाही, याचा विचार आपल्या गुरुजनांनी करावा, ही नम्र विनंती.

मोठी स्वप्ने आपल्याकडे कमी नाहीत. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून गेला आणि २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत वाढली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला मंजुरी दिली. हे सारे व्हावे, याचा मला आनंदच आहे. जालना मुंबईच्या जवळ आले. आता राजूर जालन्याच्या जवळ यावे, एवढेच मागणे आहे. त्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही, जमीन संपादन करावी लागत नाही. एक गाडी, एक चालक, एक वाहक आणि फळ्यावर खडूने लिहिलेली एक वेळ पुरते.

वडिलांनी स्लॅबचा निर्णय माझ्या पदवीपर्यंत पुढे ढकलला आहे. माझ्यामागे धाकटी बहीण आहे, ती यंदा दहावीत आहे. ती महाविद्यालयात येईल तेव्हा तिला ग्रंथालयातून उठताना घड्याळाकडे पाहावे लागू नये, अशी व्यवस्था करायला आपल्याकडे दोन वर्षे आहेत.