वस्तुसंग्रहालयांतील नाट्यप्रयोग

प्रतिवर्षीं स्नेहसंमेलन जवळ येऊं लागलें म्हणजे आमच्या शाळांतून एक ठराविक धांदल सुरू होते. कोणी तरी एक छापील नाटक शोधून आणतो, खणखणीत आवाजाचीं पांच-सहा मुलें प्रमुख भूमिका घेतात, उरलेलीं चाळीस मुलें भालदार, चोपदार व प्रजाजन होऊन पडद्याच्या कडेला उभीं राहतात, आणि कोणाची दाढी सुटूं नये एवढी चिंता वाहत प्रयोग पार पडतो. आईबापांना आनंद होतो. तो खोटा असतो असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या नाटकांतलें एकहि वाक्य मुलांनीं स्वतः शोधून काढलेलें नसतें, आणि तें नाटक दुसऱ्या कोणत्याहि शाळेंत झालें असतें तरी त्यांत तिळमात्र फरक पडला नसता. यंदा नववीच्या वर्गानें आपला प्रयोग रंगमंचावर न करितां भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत करावा, अशी सूचना मीं शिक्षकांच्या सभेंत मांडली आहे. तिच्यावर जे आक्षेप आले त्यांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नेहमींचेंच नाटक उचलून संग्रहालयांत नेणें हा माझा हेतु नाहीं. तसें केल्यास संग्रहालय म्हणजे केवळ एक भारी रंगविलेला पडदा ठरेल. ज्या जागेंत प्रयोग करावयाचा त्या जागेंतूनच तो निर्माण झाला पाहिजे. तेथील वस्तु, जिने, खांब, प्रतिध्वनि आणि शांतता हींच त्याचीं साधनें. आणि तेथून दुसरीकडे नेल्यास तो निरर्थक व्हावा, ही त्याची कसोटी.

ही कल्पना परकीय आहे असें एका गृहस्थांनीं म्हटलें. काशीच्या पलीकडच्या तीरावर रामनगर येथें होणारी रामलीला पाहिली म्हणजे हा आक्षेप टिकत नाहीं. तेथें अयोध्या गांवाच्या एका भागांत, लंका दुसऱ्या भागांत, आणि सुमारें महिनाभर प्रेक्षक कथेच्या मागोमाग चालत असतात. आपल्या कोंकणांत कुडाळजवळ पिंगुळी येथील ठाकर मंडळींची चित्रकथी तर माझ्या सूचनेला अधिकच जवळची आहे. कागदावरील चित्रें एकामागून एक समोर धरावयाचीं, आणि वाद्यांच्या साथीवर त्यांची कथा गाऊन सांगावयाची. चित्र मुकें, माणूस त्याची वाचा. ही कला जिवंत ठेवणारे श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली तेव्हां पुष्कळांना तिचें नांव प्रथमच कळलें. ज्यांना परदेशचाच दाखला हवा असेल त्यांनीं न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम संग्रहालयांत २०१० सालीं टिनो सेगल यांनीं केलेला प्रयोग आठवावा. मधल्या चक्राकार चढणीवरील सर्व चित्रें काढून भिंती मोकळ्या ठेवल्या होत्या. येणाऱ्यास प्रथम एक लहान मूल भेटे व प्रगति म्हणजे काय असें विचारी. पुढें तोच संवाद कुमार, मग प्रौढ आणि अखेर वृद्ध मनुष्य हातीं घेई, व बोलतां बोलतां पाहुणा वर जाऊन पोहोंचे. ना पडदा, ना पोशाख, ना पाठ केलेलें भाषण.

आतां आपल्या जागेविषयीं. हें संग्रहालय १८७२ सालीं लोकांना खुलें झालें. त्या वेळीं त्याचें नांव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम असें होतें. तें बदलून १९७५ सालीं मुंबईच्या या विद्वान वैद्याचें नांव त्यास देण्यांत आलें. पुढें इमारतीची फार दुर्दशा झाली होती, परंतु जीर्णोद्धार होऊन २००८ सालीं ती पुन्हां उघडली. मध्यभागीं उंच दिवाणखाना, लोखंडी नक्षीदार खांब, चारी बाजूंनीं वरच्या मजल्याची गॅलरी, आणि खालीं डेव्हिड ससून यांनीं दिलेला प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. वरच्या कठड्यापाशीं उभें राहून हळू उच्चारलेला शब्दहि खालीं ऐकूं येतो, आणि मोठ्यानें ओरडलेलें वाक्य फरशीवर आपटून चुरा होतें. म्हणजे आमच्या संमेलनांतील वीररसाची येथें मुळींच सोय नाहीं. हा मला मोठा लाभ वाटतो. ज्या मुलाचा आवाज बारीक म्हणून त्यास आजवर भाला देऊन उभें केलें, त्याच्याच आवाजाला ही वास्तु अनुकूल आहे.

परंतु माझें मन विशेष गुंतलें आहे तें वरच्या मजल्यावरील मातीच्या लहान प्रतिमांत. निरनिराळ्या ज्ञातींचे, पंथांचे व धंद्यांचे लोक त्यांत दाखविले आहेत. सेसिल बर्न्स हे जे. जे. कलाशाळेचे प्रमुख व या संग्रहालयाचेहि अधिकारी असतां, विसाव्या शतकाच्या आरंभीं अशा अनेक प्रतिमा तयार झाल्या. कारागिरी अप्रतिम आहे. पागोट्याचा पीळ, पातळाची चूण, हातांतलें हत्यार, सर्व हुबेहूब. मागील वर्षीं वर्गास घेऊन गेलों असतां एका मुलीनें कांचेस नाक लावून विचारलें, "सर, यांच्याखालीं जात लिहिली आहे, धंदा लिहिला आहे, पण यांचीं नांवें कोठें आहेत?" नांवें नाहींतच. कारण त्या प्रतिमा माणसांच्या नव्हेत, नमुन्यांच्या आहेत. राज्य करणाऱ्यांना आपल्या प्रजेचे प्रकार मोजून मांडावयाचे होते. त्या मुलीचे आजोबा परळच्या गिरणींत साचे चालवीत होते, आणि १९८२ च्या संपानंतर पुन्हां कामावर गेले नाहींत. कांचेआड उभ्या असलेल्या त्या मंडळींत व तिच्यांत फारसें अंतर नव्हतें, हें तिला माझ्याआधीं कळलें.

येथेंच सर्वांत गंभीर आक्षेप येतो. एका ज्येष्ठ सहकारी बाईंनीं म्हटलें, "जातीच्या प्रतिमांपुढें मुलांना उभें करून नाटक बसवाल, तर थट्टा होईल, कोणाचें तरी मन दुखावेल." भीति अगदीं यथार्थ आहे. मुलें नकला करण्यांत पटाईत असतात, आणि एखाद्या धंद्याची नक्कल ही वर्गांतील एखाद्या मुलाच्या घरची नक्कल होण्यास क्षणहि लागत नाहीं. परंतु त्यावर उपाय म्हणून त्या कपाटांकडे पाठ फिरवावी हें मला मान्य नाहीं. त्याऐवजीं एक कडक नियम असावा: कोणीहि ती प्रतिमा 'व्हावयाचें' नाहीं. तिचा पोशाख नको, चाल नको, बोलण्याची ढब नको. मुलानें शाळेच्याच गणवेषांत, स्वतः म्हणूनच तिच्या शेजारीं उभें राहावें, आणि कपाटांत जें दिसत नाहीं तें सांगावें. दिवसाची मजुरी किती, घरभाडें किती, काम सुटण्याची वेळ कोणती, हात कोठें कापला. हें मनानें रचून चालणार नाहीं. आपल्या चाळींत वा गल्लींत तोच अगर तशाच जातीच्या कष्टाचा धंदा करणाऱ्या जिवंत माणसाला विचारून आणावें. ज्याला विचारलें त्याची परवानगी असल्यास शेवटीं त्याचें नांव मोठ्यानें उच्चारावें. त्या दालनांत तें नांव ऐकूं यावें एवढीच माझी मनीषा आहे, आणि ज्याचें नांव उच्चारलें तो त्या दिवशीं श्रोत्यांत उभा असेल तर फारच उत्तम. राणीच्या बागेंत पेंग्विन पाहावयास वारंवार जाणारीं, पण संग्रहालयाची पायरी कधींच न चढलेलीं कितीतरी कुटुंबें आमच्या शाळेच्या आसपास राहतात. ती पायरी आपल्यासाठीं नाहीं अशी त्यांची समजूत आहे, आणि ती त्यांना कोणी मुद्दाम सांगितलेली नाहीं. म्हणूनच ती इतकी पक्की आहे.

प्रयोगाचा आरंभ बाहेर बागेंत व्हावा. तेथें घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. याच्याचवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा हें नांव दिलें. १८६४ सालीं त्यास इंग्लंडास नेण्याच्या खटपटींत उचलतांना तो फुटला. तुकडे येथें आणले गेले, आणि १९१४ सालीं ते जोडून तो पुन्हां उभा केला. चाळीस मुलांनीं एकच निवेदन चाळीस तुकड्यांत वांटून घ्यावें, झाडांमागून व बाकांवरून तें प्रथम विस्कळित ऐकूं यावें, आणि हत्तीपाशीं जमतां जमतां वाक्यें जुळावीं, अशी एक कल्पना माझ्या डोक्यांत आहे. मुलांना यापेक्षां बरें कांहीं सुचल्यास माझी कल्पना खुशाल टाकून द्यावी. शिक्षकानें लेखकाची जागा बळकावण्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे. त्याचें काम निवडण्याचें व कापण्याचें, आणि तेंहि शेवटच्या पंधरवड्यांत.

प्रेक्षक थोडे मावतील हा आक्षेप खरा आहे. एका वेळीं तीसांहून अधिक माणसें वर नेऊं नयेत. मग प्रयोग सहा वेळां करावा. दीडशें-पावणेदोनशें लोक पाहतील, आणि सहाव्या वेळीं मुलें आपलें म्हणणें पहिल्यापेक्षां अधिक समजून बोलतील. मानाच्या खुर्च्यांची रांग तेथें मांडतां येणार नाहीं, पाहुण्यांनाहि चालावें लागेल. वृद्धांसाठीं खालच्या मजल्यावर एक भाग बसून ऐकण्यासारखा ठेवावा. दिवे, तेल, पाणी, फुलें, रंग यांपैकीं कांहीं आंत न्यावयाचें नाहीं, आणि कपाटांपासून एक हात दूर राहावयाचें. या बंधनांनीं कित्येक शिक्षक बेजार होतील. मला तीं आवडतात. ज्या मुलास हातवारे करावयास मिळत नाहींत तें शब्दांकडे लक्ष देतें.

सभेनें निर्णय पुढील महिन्यावर टाकला आहे, आणि अधिकाऱ्यांची लेखी परवानगी तर त्यानंतरची गोष्ट. तोंपर्यंत वर्गास एकदां नेऊन आणण्यास कोणाची हरकत नाहीं. त्या दिवशीं कोणीं अभिनयाचा विचारहि करूं नये. प्रत्येकानें एक वस्तु निवडून तिच्यासमोर अर्धा तास उभें राहावें आणि तिला विचारावेसे वाटणारे दहा प्रश्न लिहून आणावे. वही पातळ असावी, आणि शाईचें पेन घरीं ठेवून शिसपेन्सिल आणावी.