उतारावरची हेल्मेटसक्ती

इटलीने १ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या उतारांवर स्कीइंग करणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे केले. चौदा वर्षांखालील मुलांना ते २००५ पासूनच होते, २०२२ मध्ये वयाची अट अठरापर्यंत गेली आणि आता आजोबांनाही सूट नाही. शेजारच्या फ्रान्समध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये अशी सक्ती नाही. ‘आमचे डोके, आमची मर्जी’ हा युक्तिवाद काय असतो, हे दुचाकीच्या हेल्मेटसक्तीशी भांडणाऱ्या पुणेकरांना तरी समजावून सांगायला नको. तरीही इटलीचा निर्णय योग्यच आहे.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र दखल घेण्याजोगा आहे. युरोपीय मानकानुसार स्कीचे हेल्मेट तपासताना ते सुमारे दीड मीटर उंचीवरून आपटतात. धडकेचा वेग ताशी जेमतेम २० किलोमीटर. सरावलेला माणूस त्याच्या दुप्पट वेगाने सहज उतरतो. २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे आखलेला मार्ग सोडून गेलेल्या फॉर्म्युला वन शर्यतपटू मायकेल शूमाकरचे डोके खडकावर आपटले, तेव्हा हेल्मेट अक्षरशः फुटले. मग उपयोग काय? ते नसते तर तो रुग्णालयापर्यंतही पोहोचला नसता, असे ग्रेनोबलच्या डॉक्टरांनी सांगितले होते. हेल्मेटमुळे माणूस बेफिकीर होतो म्हणावे, तर हेल्मेट आहे म्हणून बेफाम सुटणाऱ्याचा दोष हेल्मेटच्या माथी मारता येत नाही.

खरा धडा नताशा रिचर्डसनच्या मृत्यूत आहे. मार्च २००९, कॅनडातील माँ-ट्राँब्लाँ. शिकाऊंसाठीचा सोपा उतार, सोबत प्रशिक्षक, डोक्यावर हेल्मेट नाही. ही अभिनेत्री पडली, हसत उठली, वैद्यकीय मदतही तिने नाकारली. कवटीच्या आत रक्त साचत गेले आणि दोन दिवसांनी, वयाच्या ४५ व्या वर्षी, ती गेली. हेल्मेटची चाचणी ज्या वेगाला होते, तो नवशिक्याच्या पडण्याचाच वेग आहे. म्हणजे ‘मी कुठे वेगात जाणार?’ म्हणणाऱ्यालाच ते सर्वाधिक उपयोगी.

गुलमर्ग, सोलांग किंवा औलीला जाणारी आपली बहुतेक कुटुंबे याच गटातली. स्की, बूट, काठ्या, गरम कोट हे सारे आठवणीने भाड्याने घेतले जाते; हेल्मेट राहून जाते. तेथील सरकारांनी भाड्याच्या संचात ते बंधनकारक करावे आणि सहल कंपन्यांनी त्याचे पैसे आधीच पॅकेजमध्ये धरावेत. तोवर पर्यटकांनी एवढेच करावे: दुकानदाराकडे मापाचे हेल्मेट मागावे आणि नसेल, तर पुढच्या दुकानात जावे.