रामन आणि आमच्या गावचा पखवाज



२८ फेब्रुवारीला आपण काय करतो? सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार आणि चौथीच्या मुलांकडून ‘रामन परिणामा’वर पाठ केलेली भाषणं. मीही बरीच वर्षं तेच करून घेतलं. खरं सांगू, ते प्रकाशाचं विकिरण मलाच धड समजावता येत नाही!

याच रामन यांनी तबला-मृदंगाचाही अभ्यास केला. शिवकाली कुमार यांच्यासोबतचा त्यांचा लेख १९२० साली ‘नेचर’मध्ये छापून आला. कर्जत-खालापूरकडच्या मुलांना भजनातला पखवाज माहीत असतो. मग हे आपण सांगत का नाही?

मी सुरुवात झोक्याने केली. दोरीला दगड बांधला. २५ सेंमी दोरीचा एक पूर्ण झोका साधारण १ सेकंदाचा, १ मीटरचा २ सेकंदांचा. दोरी चौपट, वेळ मात्र दुप्पट. दगड बदलला तरी तेच. मुलं चकितच झाली. प्रत्येक वस्तूची हलायची आपली एक चाल असते, तीच तिची नैसर्गिक वारंवारता.

झोक्याची चाल एकच. ताणलेली तार मात्र एकाच वेळी अनेक चालींनी थरथरते, मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. हिशोब जुळतो म्हणून सूर गोड लागतो. नुसत्या ताणलेल्या कातड्याचा हा हिशोब जुळत नाही. थाप ऐकू येते, सूर ठरत नाही. मधोमध शाई चढवली की तिच्या वजनाने त्या चाली पूर्ण पटींच्या जवळ येतात. रामन यांनी हेच दाखवलं. शाई लावणाऱ्या कारागिरांच्या कानाला ते आधीच कळलं होतं, हे माझं मत.

हे सांगताना मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, डाव्या बाजूला कणीक जास्त लागली की आवाज खाली जातो.” वजन वाढलं, कंप मंदावला! या मुलाचं नाव माझ्या ‘मागे पडलेल्या’ यादीत होतं. आजोबांसोबत तो रोज भजनाला बसतो, हे मला वर्षभर माहीतच नव्हतं.

एका पालकांनी विचारलं, “बाई, हे परीक्षेला येणार का?” नाही येणार. तरी पुढच्या विज्ञान दिनाला भाषणं बंद. मंडळाचा पखवाज मागितलाय, संध्याकाळच्या भजनाआधी परत करायच्या अटीवर. कणीक तोच मुलगा मळून आणणार आहे.