गांधीगिरीला नाके का मुरडता?

मंडळी, गणेशोत्सवाच्या जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ मध्येच घुसले. मागच्या मुलाने हसून त्यांना आपलीच प्लेट देऊ केली आणि मित्रांना म्हणाला, "ही गांधीगिरी!" झाले! आमचे एक ज्येष्ठ काका कडाडले, "महात्म्याच्या नावाला दादागिरीचे शेपूट? हे कसले मराठी?"

काका, माफ करा, पण ते शेपूट एकट्या दादाचे नाही. मुलुखगिरी, मुत्सद्देगिरी हे शब्द आपलेच ना? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले, तेही अर्पण केले अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी झटल्याबद्दल!

आणि आडनावाला प्रत्यय लावायचे वावडे कधीपासून? ग्वाल्हेरच्या शिंद्यांची पगडी ती शिंदेशाहीच. इथे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत, १८१२ साली, पक्षाच्या सोयीने वेडेवाकडे मतदारसंघ आखले गेले. त्यातला एक दिसायला सॅलमँडरसारखा, म्हणून 'जेरीमँडर'. बिचाऱ्यांच्या आडनावाचा उच्चारसुद्धा बिघडला! त्यामानाने गांधी सुदैवी. इंदिराजींचे 'गांधी' पती फिरोज यांच्याकडून आले, महात्माजींकडून नव्हे, हे ऑफिसात सांगून आमचे तोंड दुखते. या शब्दाने मात्र तो घोळ घातलेला नाही.

'लगे रहो मुन्नाभाई' आला २००६ मध्ये. पुढच्याच वर्षी, जुलै २००७ साठी, नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचे अर्ज खुले झाल्याचे जाहीर झाले. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या उरकल्या, कागद जमवले, आणि २ जुलैला दार बंद! तेव्हा आपल्या लोकांनी काय केले? १० जुलैला इमिग्रेशन खात्याच्या संचालकांकडे शेकडो पुष्पगुच्छ पोचवले. खात्याने ते जखमी सैनिकांच्या रुग्णालयात धाडले. १७ जुलैला निर्णय फिरला.

नुसत्या फुलांनी फिरला असे मी म्हणणार नाही. सॅन होजेत मोर्चा निघाला होता, वकील आणि लोकप्रतिनिधीही मागे लागले होते. म्हणून माझी तक्रार शब्दाबद्दल नाही, स्वस्त वापराबद्दल आहे. प्लेट पुढे करणे हा चांगुलपणा झाला. ज्याच्या हाती आपला व्हिसा, त्यालाच नावानिशी फूल पाठवायला छाती लागते.

काका, तुम्ही सत्तरच्या दशकात आलात, तुमचे कार्ड चटकन हाती पडले. आज ज्यांची त्या रांगेत दहा-दहा वर्षे जातात, त्यांच्यापाशी हा शब्द तरी राहू द्या.