ब्लूटूथ जोडले आहे म्हणे!

(बी. कॉम., चौथे सत्र)

नवी मोटार घेताना विक्रेता ज्या गोष्टी मोठ्या कौतुकाने दाखवतो, त्यांत हल्ली इंजिनाचा क्रमांक बराच खाली गेला आहे. आधी दाखवायचा तो मधला पडदा. त्याला मोबाईल 'जोडला' की गाणी, नकाशा, येणारे-जाणारे फोन, सारे काही गाडीतच. दुकानात हे जोडकाम एका मिनिटात होते. गाडीला हार पडतो, पेढे वाटले जातात. पुढे सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तोच मोबाईल चौथ्यांदा जोडत बसलेले दिसते. या दोन दृश्यांमधली हकिकत कोणी लिहीत नाही. श्रीमंतांची किरकोळ तक्रार म्हणून ती हसण्यावारी जाते. माझ्या मते ती किरकोळ नाही आणि श्रीमंतांची तर मुळीच नाही.

माझे वडील भाड्याची गाडी चालवतात. सांबरा विमानतळ, हुबळी, कोल्हापूर आणि पुष्कळदा चोर्ला घाटाने गोवा, अशा त्यांच्या फेऱ्या. त्यांच्या धंद्यात फोन म्हणजे दुकानाचा दरवाजा. विमान उशिरा उतरले, प्रवासी दुसऱ्याच फाटकापाशी उभा आहे, उद्याची पहाटेची फेरी रद्द झाली, हे सगळे फोनवरच कळते. तो फोन गाडी चालत असतानाच येणार, कारण आप्पा दिवसाचे दहा तास गाडीतच असतात. ब्लूटूथ नीट असेल तर सुकाणूवरचे बटण दाबून 'आलोच पाच मिनिटांत' एवढे बोलता येते. ते मध्येच तुटले तर फोन वाजतो कुठे तरी खाली, आवाज कोणत्या भोकातून यायचा ते फोन आणि गाडी यांचे ठरत नाही, आणि माणसाची नजर नकळत रस्त्यावरून निघून मोबाईलकडे जाते.

हिशेबाचा विद्यार्थी आहे, म्हणून एवढा एक हिशेब मांडतो. पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. नजर चार सेकंद खाली गेली तर गाडी सुमारे ८९ मीटर, म्हणजे जवळजवळ हॉकीच्या मैदानाची लांबी, आंधळेपणाने ओलांडते. कायदाही या बाबतीत मऊ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार चालवताना फोन हातात धरून वापरणे हे धोकादायक चालवणे ठरते. पहिल्याच गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कायदा योग्यच आहे. पण फोन हातात घेऊ नका असे कायदा सांगतो, म्हणून आम्ही हात मोकळे ठेवणारी सोय विकत घेतो, आणि ती सोय नेमकी हवी त्या वेळी पाय मोडून बसते. अशा वेळी दंडाची पावती फक्त चालकाच्या नावाने फाटते.

आता या यंत्राची कुळकथा. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून आले. विखुरलेल्या डॅनिश टोळ्यांना एका छत्राखाली आणणारा म्हणून त्याची ख्याती. मूळ काम १९९४ मध्ये स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत सुरू झाले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून संघ स्थापन केला आणि इंटेलच्या एका अभियंत्याने सुचवलेले हे राजाचे नाव कायम झाले. सगळ्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत, ही मूळ प्रतिज्ञा. राजाने टोळ्या एक केल्या हे इतिहासाने नोंदवले आहे. आमच्या गाडीत मात्र फक्त दोन टोळ्या आहेत, एक फोन आणि एक पडदा, आणि त्यांच्यातले अंतर हातभराचे आहे.

अंतर हातभराचेच असल्यामुळे 'सिग्नल कमी पडतो' हे उत्तर मला पटत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय आहे, मायक्रोवेव्ह भट्टीही आहे, ही गर्दी मान्य. म्हणूनच तर ब्लूटूथ एका जागी न थांबता ७९ उपमार्गांवरून सेकंदाला १६०० उड्या मारते. २००३ च्या सुधारणेपासून गर्दीचे उपमार्ग टाळायलाही ते शिकले आहे. फोन पाठीमागच्या खिशात असेल तर शरीरातले पाणी लहरी शोषते, हेही खरे. पण डॅशबोर्डवर समोर ठेवलेल्या फोनलाही गाडी ओळख दाखवत नाही, तेव्हा दोष हवेतला नसून ओळखीतला असतो.

ही ओळख कशी होते ते आपल्या बाजारावरून समजून घ्यावे. गणपत गल्लीत दोन अनोळखी माणसे सौद्याला उभी राहिली की पहिल्या वाक्यात अंदाज घेतात: समोरच्याला मराठी येते की कन्नड, की दोन्ही मोडकी? जी भाषा दोघांना जमेल तिच्यात सौदा होतो. फोन आणि गाडीही जोडताना हेच करतात. गाण्यांसाठी एक बोली, संभाषणासाठी दुसरी, नावांच्या यादीसाठी तिसरी, बटणांच्या हुकमांसाठी चौथी. आणि प्रत्येक बोलीच्या जुन्या-नव्या आवृत्त्या. दोघांनी एकदा एक गुप्त किल्ली ठरवली की ती दोघांनी जपून ठेवायची. एकाने ती हरवली, म्हणजे फोनला रात्रीत नवी आवृत्ती आली किंवा पडद्याची स्मृती भरली, की दुसरा ओळख दाखवूनही आत घेत नाही. पडद्यावर नाव दिसते, जोडले असे लिहूनही येते, आणि आवाज मात्र नाही. बाजारातली माणसे अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून बोलू लागतात. यंत्रांना तेवढी लाज नाही.

उलटा प्रकारही होतो. आईचा फोन एकदा सणाच्या प्रवासात गाडीला जोडला होता. तेव्हापासून गल्लीत गाडी सुरू झाली की कधी कधी ती आप्पांचा फोन सोडून स्वयंपाकघरातला आईचा फोन पकडते. एकदा मागे प्रवासी बसलेले, आणि गाडीच्या चारही कर्ण्यांतून मावशीचा आवाज: लग्नात कोणी किती आहेर केला याचा तपशीलवार अहवाल! प्रवासी धारवाडकडचे होते. ते हसून म्हणाले, 'इरली बिडरी, नम्म मनियागूनू हिंगऽ.' असू द्या हो, आमच्याही घरी असेच. मौज म्हणून हे ठीक आहे, पण त्याच वेळी आप्पांच्या खिशातला फोन मुका होता आणि दुसऱ्या दिवसाचे भाडे हातचे गेले.

यात चूक कोणाची, हा प्रश्न घेऊन मी आप्पांबरोबर गाडीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने संगणकाची तार लावली, सगळे पुसून पुन्हा जोडले आणि सांगितले, फोनचा दोष आहे, फोन बदला. फोनच्या दुकानात सांगितले, फोन उत्तम आहे, गाडीचा पडदा जुना झाला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील. पुस्तकात आपण वाचतो की विक्रेता आणि ग्राहक यांच्यात करार असतो. इथे ग्राहकाचे दोन करार आहेत आणि बिघाड त्या दोन करारांच्या मधल्या फटीत पडला आहे. त्या फटीचा मालक कोणी नाही. दुरुस्ती केंद्राने तपासणीचे पैसे मात्र घेतले.

मला राग येतो तो इथे. मोटार दहा-पंधरा वर्षे चालते, फोन तीन-चार वर्षांत बदलतो, हे गाडी बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. एका गाडीच्या आयुष्यात तिच्याशी तीन-चार वेगवेगळे फोन संसार करणार, आणि त्यातले बहुतेक गाडी बनली तेव्हा जन्मलेलेही नसणार. असे असताना पडद्यातली आज्ञावली गाडी विकल्यावर विसरून जायची, हे टायर बसवून पंक्चर काढायची सोय न ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था नव्या मोटारींच्या तक्रारींची दरवर्षी पाहणी करते. तिच्या अलीकडच्या पाहण्यांत इंजिन-ब्रेकला मागे टाकून या पडद्याच्या खात्याने तक्रारींत पहिला नंबर पटकावलेला आढळतो. म्हणजे ही बेळगावच्या एका टॅक्सीवाल्याची कुरकुर नव्हे. तरीही गिऱ्हाइकाने आपल्यालाच यंत्र कळत नाही असे समजून गप्प बसावे, अशी एकंदर व्यवस्था आहे. आप्पांसारखी माणसे तसे समजतातही. तीस वर्षे घाटात गाडी हाकलेला माणूस पडद्यासमोर ओशाळा होऊन मला म्हणतो, 'बघ की गा जरा, तुला कळतंय ते.' मला ते ऐकवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आप्पांच्या फोनमधली निम्मी नावे देवनागरीत आहेत, आणि काही कन्नड लिपीत, कारण ती त्या त्या माणसांनी स्वतःच भरून दिली. फोनवर ती सुंदर दिसतात. गाडीच्या पडद्यावर येताच सगळ्यांचे चौकोन होतात: एका ओळीत पाच रिकामे चौकोन, दुसऱ्या ओळीत सात. फोन आला की आप्पा विचारतात, 'कुठला चौकोन गा हा?' आमच्या भागात मराठी आणि कन्नड यांना अगदी सारखी वागणूक देणारे आजवर पाहिलेले हे एकमेव यंत्र! कारण साधे आहे. फोन नावे नीट पाठवतो, पण पडद्यात या लिप्यांचे टंकच घातलेले नसतात. ज्या देशात गाडी विकायची त्या देशाच्या लिप्या घालायला कितीसा खर्च येतो? शेवटी मी एका रविवारी बसून दोनशेच्या वर नावे रोमन लिपीत पुन्हा लिहिली. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने वडिलांच्या ओळखीची माणसे इंग्रजी अक्षरांत उतरवायची, तीही यंत्राला वाचता यावीत म्हणून, हे मला अजून नीट पचलेले नाही.

यावर काही मित्र म्हणतात, मग वापरू नका ब्लूटूथ. हे बोलणे सोपे आहे. जुन्या गाडीत एक साधे भोक असे. साडेतीन मिलिमीटरची तार एका टोकाने फोनला, दुसऱ्या टोकाने गाडीला लावली की झाले. तिला ओळख लागत नसे, किल्ली लागत नसे, स्मृती लागत नसे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ते भोक गेले, मग इतर पुष्कळ फोनांतून गेले, आणि गाड्यांतूनही दिसेनासे होत आहे. चालणारी वस्तू काढून घ्यायची, तिच्या जागी कधी चालणारी, कधी न चालणारी वस्तू जास्त किमतीला द्यायची, आणि याला प्रगती म्हणायचे, हे अर्थशास्त्राच्या कोणत्या प्रकरणात बसते ते आमच्या प्राध्यापकांनी सांगावे. बिनतारी सोयीला माझा विरोध नाही. पर्याय काढून घेण्याला आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. जो विक्रेता 'हात मोकळे ठेवणारी सुरक्षा' म्हणून हा पडदा किमतीत धरतो, त्याने कोणकोणत्या फोनांवर तो तपासला याची यादी छापावी आणि ती दरवर्षी नवी करावी. गाडीला जितकी वर्षे सुटे भाग पुरवतो, तितकी वर्षे आज्ञावलीही पुरवावी, आणि तीही फुकट. शिवाय तारेचे एक भोक ठेवावे. वस्तूतला दोष आणि सेवेतली उणीव यांची व्याख्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, आणि वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल निर्मात्याला जबाबदार धरणारे वेगळे प्रकरणही त्यात आहे. जिच्यामुळे नजर रस्त्यावरून हटते, ती तुटकी जोडणी 'दोष' या शब्दात बसते की नाही, हे कोणीतरी विचारून पाहायला हवे.

वाणिज्य शाखेत आपण इतकी मुले आहोत आणि दर दुसऱ्याच्या घरी अशी एक तरी गाडी आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीचा क्रमांक १९१५ आहे. मी आप्पांच्या वतीने दोन्ही कंपन्यांना वेगवेगळे पत्र लिहिले आहे, आणि प्रत्येक पत्रात दुसऱ्या कंपनीचे म्हणणे जसेच्या तसे जोडले आहे. गाडीवाल्यांचे उत्तर आले: फोनची नवी आवृत्ती घालून पाहावी. फोनवाल्यांच्या उत्तराची वाट पाहत आहे.